पिंजऱ्याविना अंडी : कोंबडीची घडण पहिल्या सोळा आठवड्यांत

कोंबडीच्या धंद्यात आपल्या लोकांचा हात जुना आहे. चिकनचे दुकान, अंड्यांचा घाऊक व्यापार, बेकरी, आम्लेट-पावाची गाडी, या साऱ्यांत आपली माणसे सर्वत्र दिसतात. परंतु यातील बहुतेकजण तयार माल घेऊन विकणारे आहेत. माल तयार करणारे त्या मानाने थोडे. अलीकडे मोठ्या शहरांतील काही ग्राहक आणि हॉटेले पिंजऱ्याविना वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी मागू लागली आहेत व त्यासाठी चार पैसे जास्त मोजण्याची त्यांची तयारी असते. त्यामुळे गावाकडे थोडी जागा आणि हाताशी थोडे भांडवल असलेले लोक या धंद्याची चौकशी करू लागले आहेत.

चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा शेडचा असतो आणि दुसरा अंड्याच्या भावाचा. मधला प्रश्न कोणी विचारत नाही, तो म्हणजे कोंबडी आणायची कोठून आणि ती लहानपणी कशी वाढलेली असावी? पुष्कळजण घाई करून सोळा-सतरा आठवड्यांच्या तयार तलंगा विकत घेतात. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. या तलंगा बहुधा पिंजऱ्यात वाढलेल्या असतात. त्या मोकळ्या शेडमध्ये सोडल्या की गोंधळ सुरू होतो. त्या दांडीवर चढत नाहीत, रात्री कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसतात, अंडी पेटीत न घालता जमिनीवर घालतात आणि एकमेकींच्या पिसांना चोची मारतात. मालक शेडला दोष देतो, जातीला दोष देतो, खाद्यवाल्याशी भांडतो. खरे कारण त्या तलंगांच्या लहानपणात असते.

म्हणून मोकळ्यावर अंडी घेणाऱ्या कोंबडीची पहिले सोळा आठवड्यांची वाढ कशी करावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

पिंजरा आणि गादी

आपल्या देशात व्यापारी अंड्यांचा मोठा भाग पिंजऱ्यांतून येतो. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या एका मोठ्या पानापेक्षाही कमी जागा येते. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे बंद करण्याचा निर्णय १९९९ मध्ये घेतला व १ जानेवारी २०१२ पासून तो अमलात आणला. आपल्याकडेही केंद्रीय विधि आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. वारे कोणत्या दिशेने वाहते आहे, ते यावरून समजावे.

पिंजऱ्याविना कोंबड्या ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची गादी करून तीवर कोंबड्या सोडणे, ही आपल्याकडची जुनी ‘गादी पद्धत’ होय. पिंजरे आले ते त्यानंतर. जुन्या माणसांना ही पद्धत ठाऊक आहे. फरक इतकाच, की आज त्यात दांड्या, पेट्या आणि प्रकाशाचे शास्त्र यांची भर पडली आहे.

एक गैरसमज येथेच दूर करावा. पिंजऱ्याविना म्हणजे रानात मोकाट सोडणे नव्हे. छप्पर, जाळी आणि दार असलेल्या शेडमध्ये कोंबडी मोकळी फिरते, माती-तुसात उकरते, उडी मारून दांडीवर बसते, पेटीत अंडे घालते. एवढे झाले की अंडे पिंजऱ्याविना झाले. मोकाट सोडण्यातला धोका पुढे रोगांच्या भागात सांगितला आहे.

लहानपणी शिकलेले कामाला येते

स्वीडनमधील गुनारसन, कीलिंग आणि स्वेडबर्ग या संशोधकांनी व्यापारी शेडमधील मोकळ्या कोंबड्यांचे निरीक्षण करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कोंबड्यांना वयाच्या चौथ्या आठवड्यापूर्वी बसायला दांड्या मिळाल्या होत्या, त्यांच्या कळपांत पुढे जमिनीवर अंडी घालण्याचे प्रमाण कमी होते आणि गुदद्वाराजवळ चोची मारून एकमेकींना जखमी करण्याचे प्रकारही कमी होते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. पिल्लाला उडी मारणे, उंची जोखणे, वर चढून पुन्हा खाली उतरणे हे सरावाने येते. हा सराव कोवळ्या वयात झाला नाही तर मोठी कोंबडी वर पाहते, पण चढत नाही. अंड्यांच्या पेट्या जमिनीपासून वर असतात. जिला चढता येत नाही ती अंडे खाली तुसात घालणार. अंडे घातल्यावर कोंबडीचे गुदद्वार क्षणभर बाहेर आलेले व लाल असते. अशा वेळी ती जमिनीवर इतरांच्या गर्दीत असेल तर दुसऱ्या कोंबड्या त्या लाल भागाला चोच मारतात. रक्त आले की सारा घोळका धावतो. तीच कोंबडी उंच पेटीत किंवा दांडीवर असेल तर वाचते.

यावरून नियम असा ठरतो, की अंडी देताना कोंबडीने जेथे राहावे, जेथून प्यावे, जेथे बसावे असे आपणास वाटते, तसेच घर तिला लहानपणी द्यावे.

शेडची तयारी

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. रुंदी ३० फुटांपेक्षा जास्त नसावी, नाहीतर मधल्या भागात वारा पोचत नाही. बाजूला फूट-दीड फूट उंचीची भिंत, वर जाळी आणि छपराची तीन फूट पागोळी असावी. जाळीची भोके इतकी लहान असावीत, की चिमणी आत येऊ नये. मुंगूस, मांजर, साप आणि घूस हे पिल्लांचे शत्रू आहेत. दाराखालची फट आणि भिंतीतले बीळ आधीच बुजवावे.

जागेचा हिशेब असा : आठ आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लामागे सुमारे ०.७ चौरस फूट, पुढे सोळा आठवड्यांपर्यंत सव्वा ते दीड चौरस फूट आणि अंड्यावर आल्यावर दोन चौरस फूट. म्हणजे ५०० तलंगांना वाढीच्या काळात ६२५ ते ७५० चौरस फूट आणि अंड्यांच्या काळात १,००० चौरस फूट जागा लागेल. ‘सध्या पिल्ले लहान आहेत, मावतील’ असे म्हणून जास्त पिल्ले भरणारा माणूस दहाव्या आठवड्यात पस्तावतो.

पिल्ले येण्यापूर्वी शेड धुऊन, चुना लावून, निर्जंतुक करून निदान दोन आठवडे रिकामे ठेवावे. मग दोन-तीन इंच जाडीची कोरड्या तुसाची गादी पसरावी. तूस न मिळाल्यास भुईमुगाच्या शेंगांची टरफले चालतात. बुरशी आलेला माल मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्या बुरशीने पिल्लांच्या फुप्फुसांना रोग होतो.

पहिले आठ दिवस

पिल्लू पहिल्या दिवशी स्वतःची ऊब स्वतः राखू शकत नाही. आईच्या पंखाखालची ऊब आपण द्यायची असते. १५ ते १८ इंच उंच पत्र्याचे गोल कडे करावे. आठ फूट व्यासाच्या कड्यात साधारण २५० पिल्ले राहतात. तुसावर वर्तमानपत्र अंथरावे. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिले काही दिवस ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करीत पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत २१ अंशांवर यावे. उबेसाठी पिल्लामागे एक ते दोन वॉट धरतात. येथे तापणारे बल्ब लागतात. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. वीज जाते तेथे गॅसची किंवा कोळशाची शेगडी तयार ठेवावी, पण कोळशाचा धूर आणि विषारी वायू बाहेर जाण्यास वाट असावी.

तापमापक जरूर लावावा, तरी खरा तापमापक पिल्लूच आहे. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजते. दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होते. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर ऊब बरोबर आहे. रात्री दोन वाजता उठून एकदा पाहणे, हे या धंद्यातले पहिले भांडवल समजावे.

पिल्ले आली की आधी पाणी द्यावे आणि खाद्य त्यानंतर. प्रवासाने थकलेल्या पिल्लांना गुळाचे पाणी देण्याची रीत चांगली आहे. मग कागदावर मक्याचा बारीक भरडा टाकावा. आठ तासांनी काही पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. दहापैकी आठांची पिशवी भरलेली व मऊ लागली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सर्वांची. रिकाम्या पिशवीचे पिल्लू पाणी शोधू शकलेले नाही. त्याची चोच पाण्यात बुडवून त्याला दाखवून द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कडे मोठे करीत जावे आणि आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे.

दांड्या केव्हा लावाव्यात?

दुसऱ्या आठवड्यापासूनच. सुरुवातीला जमिनीपासून चार-सहा इंचांवर बांबूची किंवा लाकडाची दांडी ठेवावी. पिल्ले आपणहून चढतात. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी उंची वाढवीत न्यावी आणि वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या शिडीसारख्या कराव्यात. मोठ्या कोंबडीला दांडीवर सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच, जागा लागते. दांडीच्या कडा गोल घासलेल्या असाव्यात. धारदार कडेने पायाला फोड येतो आणि छातीचे हाड दबते. उंची फार ठेवू नये. अंधारात उडी चुकली तर तेच हाड मोडते.

संध्याकाळी दिवे एकदम घालवू नयेत. आधी मंद करावेत, म्हणजे तलंगा दांड्यांवर जाऊन बसतात. जी खाली राहतात त्यांना पहिले काही दिवस हाताने उचलून वर बसवावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु आठवडाभर केले की पुढे वर्षभर करावे लागत नाही.

गादी ओली, तर धंदा ओला

मोकळ्यावर वाढवताना पिंजऱ्यापेक्षा जास्त भीती असते ती रक्ती हगवणीची. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडून जाते. गादीवर पिल्लू विष्ठेतच उकरते आणि त्यातील सूक्ष्म जंतू पोटात घेते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हा रोग दिसतो. पिल्ले पंख पाडून बसतात आणि विष्ठेत रक्त येते. या जंतूंना वाढायला ओल आणि ऊब लागते. म्हणून गादी कोरडी असणे हाच पहिला उपाय.

गादी जोखण्याची युक्ती सोपी आहे. मूठभर तूस हातात दाबावे. मूठ उघडल्यावर ते सुटून पडले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. दर दोन दिवसांनी गादी दाताळ्याने खालीवर करावी. पाण्याच्या भांड्याखालचे ओले तूस रोज काढावे. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवावी आणि ती वाढतील तशी उचलत जावी, म्हणजे पाणी सांडत नाही. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर गादी बिघडली, हवा कोंडली असे समजावे. थंडीत गोणपाटाचे पडदे लावताना वरचा भाग मोकळा सोडावा.

या रोगावर खाद्यातून औषध किंवा पिल्लांना लस, असे दोन मार्ग आहेत. दोन्ही एकदम करू नयेत, कारण औषधाने लस निकामी होऊ शकते. कोणता मार्ग घ्यावा, ते पिल्ले आणण्यापूर्वी पशुवैद्यकास विचारून ठरवावे. जमिनीवरच्या कोंबड्यांना जंतांचाही त्रास होतो. त्याचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

खाद्य आणि वजन

पहिले आठ आठवडे सुमारे २० टक्के प्रथिनांचे पिल्लांचे खाद्य, नंतर १६ टक्क्यांचे वाढीचे खाद्य, असा साधारण क्रम आहे. येथे एक चूक वारंवार होते. दुकानात अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य शिल्लक आहे म्हणून तेच तलंगांना घातले जाते. अंड्यावरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या तलंगेला सुमारे एक टक्काच पुरते. जास्तीचे कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडावर भार टाकते आणि पुढे ती मरते. अंडे सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी दोन-अडीच टक्के कॅल्शियमचे मधले खाद्य द्यावे आणि पहिली अंडी दिसू लागताच पूर्ण अंड्याचे खाद्य सुरू करावे.

शरीराचा सांगाडा बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होतो. त्यानंतर कितीही खाऊ घातले तरी लहान राहिलेली कोंबडी मोठी होत नाही, फक्त चरबी चढते. म्हणून दर आठवड्याला ५० ते १०० तलंगांचे वजन एकेक करून वहीत लिहावे. शेडच्या वेगवेगळ्या भागांतून त्या घ्याव्यात. हातात सहज सापडणाऱ्या बहुधा अशक्त असतात. पांढऱ्या व्यापारी जातीची तलंग सोळा आठवड्यांना एक किलो शंभर ते दोनशे ग्रॅमच्या आसपास असावी. तपकिरी अंड्याच्या जाती त्यापेक्षा जड असतात. नेमका तक्ता हॅचरीकडून मागून घ्यावा.

सरासरीपेक्षाही सारखेपणा महत्त्वाचा. शंभरांपैकी निदान ऐंशी तलंगांचे वजन सरासरीच्या दहा टक्के खाली-वर या मर्यादेत असले पाहिजे. ते नसेल तर खाद्याची भांडी कमी पडतात किंवा दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना खाऊ देत नाहीत, असे समजून भांडी वाढवावीत आणि दुबळ्यांचा कप्पा वेगळा करावा.

दिवस आणि दिवा

कोंबडीचे अंडे प्रकाशावर चालते. दिवस मोठा होत गेला की तिचे शरीर अंड्याची तयारी करते. मुंबई-पुण्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा असतो. जानेवारीत आणलेली पिल्ले वाढत्या दिवसात मोठी होतात आणि अंगाने भरण्यापूर्वीच अंड्यावर येतात. अंडी लहान पडतात आणि कित्येकींचे गुदद्वार बाहेर येऊन त्या दगावतात. जून-जुलैत आणलेली पिल्ले घटत्या दिवसात वाढतात आणि अंड्यावर उशिरा येतात.

उपाय असा, की वाढीच्या काळात प्रकाशाचे तास कधीही वाढू देऊ नयेत. जानेवारीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यातील जास्त प्रकाशावरून उतरत तेरा तासांवर आणून तेथेच दिव्याने कायम ठेवावे, म्हणजे बाहेरचा दिवस वाढला तरी त्यांना तो जाणवत नाही. सतरा-अठरा आठवडे पूर्ण झाले आणि वजन तक्त्याप्रमाणे भरले, की मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवीत सोळा तासांपर्यंत जावे. वय झाले पण वजन नाही, अशा वेळी दिवा वाढवण्याची घाई करू नये.

चोची मारण्याची खोड

मोकळ्या कळपातील ही सर्वांत महाग खोड आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या पिल्लांना उकरायला, टोचायला चांगली सामग्री मिळते ती एकमेकींच्या पिसांकडे कमी वळतात. कोंबडीला दिवसभर चोच चालवायची असते. ती तुसात चालली नाही तर शेजारणीच्या पाठीवर चालते. म्हणून पहिल्या दिवसापासून तूस असावे, वरून थोडे धान्य फेकावे, लसूणघासाची किंवा भाजीच्या पाल्याची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगावी. गर्दी, प्रखर उजेड, उकाडा, खाद्यातील प्रथिने किंवा मीठ कमी पडणे ही इतर कारणे आहेत.

चोचीचे टोक कमी करण्याची रीत आहे. ती करायची असल्यास पहिल्या दहा दिवसांत आणि जाणत्या माणसाकडूनच करावी. वेडीवाकडी कापलेली चोच असलेले पिल्लू नीट खात नाही आणि कायमचे मागे पडते. जखमी कोंबडी दिसताच तासभरही कळपात ठेवू नये.

रोग आणि दुकानदाराचा पाय

मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच दिलेली असावी. तिची पावती मागावी. पुढे पहिल्या आठवड्यात मानमोडीची, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची, सहा-सात आठवड्यांना देवीची, आठ ते दहा आठवड्यांना पुन्हा मानमोडीची आणि अंड्यावर येण्यापूर्वी शेवटची, असा सर्वसाधारण क्रम असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून आपल्या भागाप्रमाणे तो लिहून घ्यावा. लस बर्फात आणावी. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा त्या पाण्यात क्लोरीन नसावे.

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा निश्चित झाला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. २०२१ मध्ये तेथे तो पुन्हा आला. दोन्ही वेळा कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या आणि उभे संसार बसले. रानपक्षी आणि त्यांची विष्ठा हा या रोगाचा एक मार्ग आहे. कोंबड्या मोकाट सोडू नयेत, शेडला जाळी हवी, असे वर म्हटले ते यासाठीच.

आपल्या वाचकांसाठी यात एक खास गोष्ट आहे. ज्याचे चिकनचे दुकान आहे किंवा जो जिवंत कोंबड्यांची ने-आण करतो, त्याने शेडही काढले तर रोग आणणारा तोच ठरू शकतो. निरनिराळ्या ठिकाणच्या कोंबड्या दुकानात एकत्र येतात. दुकानातील चपला, कपडे, जाळ्या आणि गाडी शेडच्या आवारात आणू नयेत. शेडच्या दारात वेगळी चप्पल व चुन्याचे पायपुसणे ठेवावे. आंघोळ करून, कपडे बदलून मगच आत जावे. दुकानात न विकलेली कोंबडी परत शेडमध्ये सोडण्याचा मोह तर कधीही करू नये.

पेट्या आणि स्थलांतर

वाढीचे शेड आणि अंड्याचे शेड वेगळे असेल तर पंधरा-सोळाव्या आठवड्यात, पहिले अंडे पडण्यापूर्वी, तलंगा हलवाव्यात. रात्री किंवा पहाटेच्या गारव्यात हलवाव्यात आणि नव्या जागी पाणी-खाद्य आधी भरून ठेवावे. पाण्याची भांडी, दांड्या आणि दिव्यांचे तास पहिल्या शेडसारखेच असावेत.

एक फूट लांब, रुंद व उंच अशी एक पेटी पाच कोंबड्यांना पुरते. म्हणजे ५०० कोंबड्यांना १०० पेट्या लागतील. पेटी आतून काळोखी आणि मऊ असावी, पुढे चढायला पट्टी असावी. पहिल्या अंड्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी पेट्या उघडाव्यात आणि रात्री बंद कराव्यात, नाहीतर कोंबड्या त्यात झोपून घाण करतात. शेडचे अंधारे कोपरे उजेडाने किंवा फळीने बंद करावेत. सुरुवातीचे पंधरा दिवस दर तासाला फेरी मारून जमिनीवरचे अंडे उचलावे. एक अंडे पडून राहिले, की दुसरी कोंबडी त्याच जागी बसते.

हिशेब आधी, पिल्ले मागून

खाद्याचे व अंड्याचे भाव रोज बदलतात. म्हणून रुपयांऐवजी किलोंचा हिशेब देतो. भाव वाचकाने आपल्या गावचा घालावा.

पाच टक्के मर धरून ५०० तलंगांसाठी सुमारे ५२५ मादी पिल्ले घ्यावीत. अठरा आठवड्यांपर्यंत एक तलंग साधारण सहा किलो खाद्य खाते. म्हणजे ५०० तलंगांना तीन टन. पुढे निम्म्या कोंबड्या अंड्यावर येईपर्यंत आणखी सुमारे तीन-चार आठवडे जातात. त्यांचे सव्वा ते दीड टन धरावे. असे सव्वाचार ते साडेचार टन खाद्य घातल्यावर धंदा खऱ्या अर्थाने सुरू होतो. हे पाच महिने गल्ल्यात एक पैसा येत नाही. पिल्ले, तूस, लस, वीज, मजुरी वेगळी. एवढे भांडवल हाती नसेल तर पिल्लांची संख्या कमी करावी. खाद्यात काटकसर करू नये. अकराव्या आठवड्यात पैसे संपले म्हणून खाद्य कमी करणारा माणूस पुढच्या वर्षभराची अंडी कमी करतो.

अंडी सुरू झाल्यावर मोकळ्यावरची कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाते. ५०० कोंबड्यांना ६० किलो खाद्य आणि रोज ४०० अंडी धरली, तर एका अंड्यामागे १५० ग्रॅम खाद्य पडते. या ४०० पैकी ४० अंडी जमिनीवर पडून मळली, तर वर्षात १४,००० हून अधिक अंडी कमी दराने विकावी लागतील. दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या बांबूच्या दांडीची किंमत यावरून कळावी.

गिऱ्हाईकही आधी ठरवावे. बाजारातील रोजचा दर पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या खर्चावर चालतो. त्या दराने विकून मोकळ्यावरच्या अंड्याचा खर्च निघणे कठीण असते. बेकरी, हॉटेल, सोसायट्यांतील रतीब, जे असेल ते पिल्ले सांगण्यापूर्वी पक्के करावे. आणि जे सांगितले तेच द्यावे. चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी ‘गावरान’ म्हणून विकणारे बाजारात आहेत. एकदा गिऱ्हाईकाला ते कळले की तो खऱ्या मालावरही विश्वास ठेवत नाही. हा धंदाच विश्वासाच्या चार जादा पैशांवर उभा आहे.

ज्यांना कोंबड्या पाळायच्या नाहीत त्यांनाही यात काम आहे. पत्र्याचे कडे, खाद्याची भांडी, दांड्यांचे सांगाडे, अंड्यांच्या पेट्या हे सारे वेल्डर, सुतार व पत्रेकाम करणारा कारागीर गावात बनवू शकतो. शिवाय मोकळ्यावर नीट वाढवलेल्या, लसी झालेल्या, वजनाची वही सोबत असलेल्या सोळा आठवड्यांच्या तलंगा विकणे हाही स्वतंत्र धंदा होऊ शकतो. पिंजऱ्यात वाढलेल्या तलंगा घेऊन फसलेला माणूस दुसऱ्या वेळी अशाच तलंगा शोधत येतो.

नवख्याने शंभर पिल्लांपासून सुरुवात करावी. पहिली तुकडी शिकण्यासाठी समजावी आणि रोज वहीत चार आकडे लिहावेत : किती मेली, किती खाल्ले, किती पाणी प्यायल्या, सर्वांत जास्त व सर्वांत कमी तापमान किती. पाण्याचा आकडा एकाएकी घसरला तर रोग दारात आला असे समजावे. कोंबडी मान टाकण्याच्या एक-दोन दिवस आधी ही वही बोलते आणि त्या वेळी पशुवैद्यकाला बोलावले तर कळप वाचतो.